मळीचा वास

नातीचं इतिहासाचं पुस्तक आधी मी वाचायची आणि मग ती, हे तिच्याखेरीज घरात अजून कुणाला ठाऊक नाही. आठवीचं पुस्तक, पण पाट्याएवढं जड. शाळेतून आली की डायनिंग टेबलवर ते धप्पकन टाकायची आणि वर आपल्या खोलीत जायची. मग मी चहा घेऊन बसायची. एका हाताला पुस्तक, दुसऱ्या हाताला डिक्शनरी, कानावर शिसपेन्सिल. रोज एक पान. डोळे चुरचुरायला लागले तर अर्धंच.

माझी शाळा सातवीला सुटली, लग्न ठरलं म्हणून. पुढचं सगळं मी इथून तिथून उचललेलं. मराठी वाचायची सवय किराणा बांधून यायचा त्या कागदांनी लावली, आणि इंग्रजी मी अमेरिकेत, सांता क्लाराला आल्यावर दुकानांच्या कूपनांवरून शिकले. 'बाय वन गेट वन' हे मी न अडखळता वाचलेलं पहिलं इंग्रजी वाक्य. तेव्हा पुस्तकापर्यंत पोचायला मला साठी जवळ आली, यात नवल नाही.

त्या पुस्तकातल्या शेवटच्या भागाचं नावच लांबलचक होतं. अमेरिकेचा विस्तार, सामाजिक सुधारणा आणि महासत्तेचा उदय. एवढं नाव लावता लावता चहा गार झाला. आणि खरं सांगू का, वाचताना दमायलाच व्हायचं. रेल्वे पुढे गेली, माणसं पुढे गेली, आधीपासून राहत होते त्यांना हुसकून आणखी पुढे गेली. समुद्र लागला. मला वाटलं, सुटलो, आता थांबतील. तर नाही. समुद्रातली बेटं सुरू झाली.

त्यात हवाई बेटांचं एक पान होतं. तिथे एक राणी होती म्हणे. उसाचे मळे असलेले गोरे लोक एकत्र आले आणि तिला गादीवरून खाली ओढलं, का, तर आपली साखर अमेरिकेत विकताना जकात आडवी येऊ नये. मी पेन्सिल खाली ठेवली. नात पाणी प्यायला खाली आली होती, तिला म्हटलं, "अगं, हे तर चेअरमन लोक!"

"व्हॉट?"

"आमच्याकडचे. साखर कारखान्याचे. ऊस ज्याचा, त्याचं राज्य."

"आजी, बुकमध्ये प्लँटर्स म्हटलंय."

"तुमच्यात प्लँटर म्हणत असतील. आमच्यात चेअरमन."

ती हसली आणि वर गेली. मला मात्र त्या पानाने सोडलं नाही. माझा सगळा संसार साखर कारखान्याच्या कॉलनीत गेला. कृष्णाकाठी. आमचे हे बॉयलरला होते. हंगाम सुरू झाला की गावावर एक वास बसायचा, तो थेट पाडव्यापर्यंत. मळीचा. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, उसाच्या रसातून साखर काढून घेतली की खाली काळा, चिकट, काकवीसारखा पाक उरतो, ती मळी. गोड, आंबूस, जरा जळकट. अंथरुणात, केसांत, भाकरीतसुद्धा तो वास. साखर बाहेरगावी जायची. मळीची दारू व्हायची, आणि ती मात्र गावात परत यायची.

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला पाहिजे.

मुलगा शिकायला म्हणून तिकडे गेला आणि राहिला. सिटिझन झाला, मग त्याने मला बोलावून घेतलं. मी आले दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. वर्षभर सगळं ठीक होतं. मग पुढच्या पानगळीत एके दिवशी तो अकरा वाजताच घरी आला, हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात एक कॉफीचा मग, नातीचा लहानपणीचा फोटो आणि काचेच्या वाटीतलं निवडुंग. मी विचारलं, "आज लवकर?" तो म्हणाला, "आई, आता रोजच लवकर." त्या महिन्यात आमच्या रांगेतल्या किती घरांत अशी खोकी आली असतील, मी मोजली नाहीत. सून एका कंपनीत टेस्टिंगला होती, तिची नोकरी टिकली होती. ती सकाळी सातला निघायची आणि थकून यायची. मुलगा गॅरेजमध्ये टेबल टाकून बसायचा. रेझ्युमे पाठवतोय म्हणायचा.

तोच खोक्यातला मग त्याने गॅरेजमध्ये नेला होता. दुपारी कोक प्यायचा त्यातून. एक दिवस मी तो घासायला घेतला आणि थबकले. तळाशी राहिलेल्या त्या दोन थेंबांतून मळीचा वास आला.

मी पुन्हा हुंगलं. सात समुद्र ओलांडून आले, पण नाक तेच की. कोकचा गोड वास, आणि त्याच्या खाली, बॉयलरच्या धुरासारखा, तो. रम मळीची करतात हे मला कुणी सांगायला नको होतं.

तो मग मी घासला आणि पालथा घातला. काही बोलले नाही. बोलणार कशी? या घरात एक नियम होता, आणि तो मुलाने मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. "आई, बाबांचा विषय नको. हिला सांगितलंय, आजोबा हार्टने गेले. तेवढं पुरे." मी म्हटलं, "बरं." कारण ती हार्टची गोष्ट मूळची माझीच. तो पुण्याला इंजिनिअरिंगला असताना हे गेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. तरी मी दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, हार्ट. लेकाच्या कॉलेजात कळायला नको, हॉस्टेलात कुणी हिणवायला नको. खोटं मी पेरलं, त्याने फक्त पाणी घातलं.

तर तो मग हुंगल्यावर मी काय केलं? तोंड बंद ठेवलं आणि हात चालवले. म्हाताऱ्या बायका तेच करतात. घरात कुणी नाहीसं बघून कपाटं धुंडाळली. सापडलं ते किचनशेजारच्या कोठीत, पिठाच्या पिंपामागे. सहा बाटल्या! हिरव्या, जाड बुडाच्या, गळ्याला सोनेरी कागद. सहा! एवढी मजल गेली माझ्या लेकाची?

एकेक उचलून सिंकवर आणली. सोनेरी कागद फाडला, बुचं उडवली. एक बूच तर छताला लागलं. ओतायला लागले तसा फेस, बुडबुडे, सिंक भरून वर येतोय, फरशीवर सांडतोय. मी आपली ओततेय. मनात म्हणतेय, जा, जा, जा. कपाळावर घाम, डिसेंबरात. पाचवी ओतत होते तेव्हा नात शाळेतून आली.

"आजी! व्हॉट आर यू डूइंग!"

"तू वर जा."

"आजी, दॅट्स ॲपल ज्यूस! दॅट्स फॉर माय बर्थडे!"

बघा. सफरचंदाचा रस. बुडबुडेवाला. तेरावा वाढदिवस, मैत्रिणी येणार, मोठ्यांसारखे ग्लास उंचावून चिअर्स करणार म्हणून सुनेने आणून ठेवला होता. रोज एकेका शब्दासाठी डिक्शनरी उघडणारी मी, आणि बाटलीवरचा कागद वाचला नाही. पण दारूच्या बाटलीपुढे उभं राहून लेबल वाचत बसायची सवयच नव्हती ना मला कधी.

सून आली. फरशी चिकट, मी बोळा घेऊन खाली बसलेली. "आई, अहो काय केलंत हे?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तीच खाली बसली, दुसरा बोळा घेऊन. "असू दे. उद्या दुसऱ्या आणू. उठा तुम्ही, गुडघे दुखतील." मुलगा दारात उभा होता. तो हसला, मोठ्याने, पण हसताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला कळलं होतं मी काय शोधत होते. आणि मला कळलं की खरी बाटली अजून गॅरेजमध्ये आहे.

दोन दिवसांत ही गोष्ट पार्कात पोचली. आम्ही चार-पाच आज्या संध्याकाळी फिरायला जायचो. त्यातली नागपूरची बाई बाकावर बसूनच ओरडली, "काहून वं, सफरचंदाचा रस मोरीत ओतला म्हणते? मले बलवाचं होतं, मी पेली असती!" सगळ्या हसल्या. मीही हसले. दमलेलं माणूस लवकर हसतं.

नात मात्र विसरली नाही. तिला एकच प्रश्न. "आजी, पण तू घाबरली का होतीस? ज्यूस ओतताना यू वेअर लाइक... स्केअर्ड." मी टाळलं. मग फेब्रुवारीत ती एक कागद घेऊन आली. शाळेने काम दिलं होतं. पुस्तकात तेव्हा सुधारणांचा भाग चालू होता, बायकांच्या मताचा, कारखान्यातल्या पोरांचा, दारूबंदीचा. त्यात बायका दारूच्या गुत्त्यांपुढे जाऊन बसायच्या, गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, काही तर कुऱ्हाड घेऊन आत शिरायच्या. काम असं, की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, तुम्ही आयुष्यात कुठली सुधारणा पाहिलीत? ते बोलणं टेप करायचं, आणि इंग्रजीत लिहून द्यायचं. घरची भाषा चालेल.

"आजी, डिड यू एव्हर सी लाइक, अ रिफॉर्म?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "पाहिली नाही. केली."

तिचे डोळे एवढे झाले.

मुलाने परवानगी दिली. तिचं मराठी जेमतेम, तेव्हा टेप ऐकून इंग्रजीत लिहायचं काम त्याच्याकडेच येणार होतं. तो म्हणाला, "आई, दहा मिनिटं बोल, जास्त नको. शाळा, विहीर, असलं काहीतरी सांग." मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात वेगळंच उजाडलं होतं. ही टेप त्याला ऐकावीच लागणार. मध्ये थांबवून, मागे नेऊन, एकेक वाक्य. तोंडासमोर उभं राहून सांगायची माझ्यात धमक नव्हती, आणि ऐकायची त्याच्यात नव्हती. पण लेकीच्या शाळेचं काम तो टाळणार नाही.

शनिवारी सकाळी नातीने टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर ठेवला. लाल दिवा लागला. आणि मी बोलले.

आमच्या कॉलनीच्या गेटासमोर दारूचं दुकान होतं. पाळी सुटली की गडी गेटातून बाहेर आणि थेट दुकानात. घरी येईपर्यंत माणूस माणसात नसायचा. आमच्या दवाखान्यात एक नर्सबाई होती, एकटी, तोंडाची फटकळ. बायका तिच्याकडे पट्टी करून घ्यायला जायच्या. एक दिवस ती म्हणाली, "पट्ट्या बांधून माझे हात दुखायला लागले. आता तुम्ही तरी काहीतरी करा." पण करायचं काय? मारामारी आम्हाला जमणार नव्हती. तिनेच डोकं चालवलं. म्हणाली, नवरे जेवायला घरी येत नाहीत ना? मग जेवण तिकडे न्या.

आम्ही चौदा जणी होतो. पाळी सुटायच्या आधी डबे घेऊन गेलो आणि दुकानाच्या पायरीवर, ओट्यावर, रस्त्यावर ताटं मांडली. भाकरी, कालवण, कांदा. प्रत्येकीने आपापल्या नवऱ्याचं ताट. आणि गडी आले की हाक मारायची, भांडण नाही, शिवी नाही, नुसती हाक. "अहो, जेवून घ्या." चारचौघांत, सोबत्यांसमोर. ताट ओलांडून आत कसा जाणार? अन्नाला पाय लावायचा? पहिल्या दिवशी काही जण परत फिरले, काही जण मागच्या दाराने गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या दारालाही ताटं मांडली. आमचे हे तिसऱ्या दिवशी बसले. मान खाली घालून जेवले. मी वाढत होते, आणि घरी गेल्यावर काय होईल ते माहीत नव्हतं. काही झालं नाही. हात धुतले आणि झोपले.

नऊ संध्याकाळी आम्ही ताटं मांडली. दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराने कुलूप लावलं. आत राहिलेल्या बाटल्या नर्सबाईने बाहेर काढायला लावल्या, आणि म्हणाली, फोडा. कुणी पुढे होईना. मी झाले. गेटाच्या दगडावर एकेक बाटली फोडली. तो मळीचा वास अंगभर उडाला, नवं लुगडं होतं, ते मग पुन्हा नेसलेच नाही.

नात ओठ उघडे ठेवून ऐकत होती. "आजी, यू वेअर लाइक, इन द बुक!"

"पुस्तकातल्या बायकांकडे कुऱ्हाड होती. आमच्याकडे कालवण."

"मग? स्टोअर बंद झालं? फॉरएव्हर?"

"तीन महिने. मग कॅनॉलच्या पलीकडे दुसरं निघालं. तिथवर ताटं घेऊन जायचं बळ राहिलं नाही कुणात. नर्सबाईची बदली झाली."

आणि मग मी थांबले. लाल दिवा चालूच होता. घड्याळात बघितलं, दहा मिनिटं कधीच उलटली होती. तरी म्हटलं, "तुझे आजोबा हार्टने गेले नाहीत, बाळा. दारूने गेले. हार्टचं मीच सांगत आले. तुझ्या बाबाची त्यात चूक नाही."

तिने मशीन बंद केलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तेरा वर्षांची मुलगी, अलीकडे अंगाला हात लावू द्यायची नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "डॅड नोज?" तिने विचारलं. म्हटलं, "त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

रविवारी मुलगा टेप घेऊन बसला. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर. गॅरेजमध्ये नाही, डायनिंग टेबलवरच, कारण प्रिंटर तिथे होता. मी किचनमध्ये. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. टेप चालायची, थांबायची, मागे जायची किर्र करत. मी कोथिंबीर निवडली, लसूण सोलला, डाळ निवडली, स्वच्छ डाळ दोनदा निवडली. एका ठिकाणी टेप फार वेळ थांबून राहिली. मग पुन्हा किर्र. पुन्हा थांबली. त्याने हेडफोन काढून ठेवले, तोंड धुऊन आला, पुन्हा घातले. दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाला, "तुम्ही जेवा." संध्याकाळी प्रिंटरने कागद काढले. ते टेबलावरच ठेवून तो गॅरेजमध्ये गेला.

सोमवारी सगळे बाहेर पडल्यावर, तो कुठल्यातरी इंटरव्ह्यूला गेला होता, मी ते कागद वाचायला घेतले. डिक्शनरी, पेन्सिल, चहा. चांगलं लिहिलं होतं पोराने. नर्सबाई होती, चौदा जणी होत्या, ताटं होती. कालवणाला त्याने करी म्हटलं होतं, ठीक आहे. दुकान किती दिवस बंद राहिलं, तिथे मी तीन महिने म्हटलं होतं आणि त्याने चार लिहिलं होतं. टायपिंगची चूक असेल म्हणून सोडून दिलं. मग शेवटचं वाक्य आलं. माझे पती दीर्घ आजाराने वारले, अशा अर्थाचं. पेपरात छापतात ना, तसं गुळगुळीत. हार्ट नव्हतं त्यात. पण दारूही नव्हती.

बाहेर पानं गोळा करणारं ते यंत्र घोंघावत होतं, ते बंद झालं तेव्हा भानावर आले. रागसुद्धा आला नाही. राग यायला जोर लागतो. नुसतं वाटलं, चौदा बायका, नऊ संध्याकाळी, पाच बाटल्या सफरचंदाचा रस, आणि पोचलो कुठे? दीर्घ आजारापर्यंत.

मग पेन्सिल घेतली. त्या वाक्यावर रेघ मारली आणि वर माझ्या वाकड्या अक्षरात चार शब्द लिहिले. ही डाइड ऑफ ड्रिंकिंग. डिक्शनरी लागली नाही. कागद मी नातीच्या दप्तरात ठेवले नाहीत. गॅरेजमध्ये त्याच्या टेबलावर ठेवले, त्या मगच्या शेजारी. म्हटलं, आता तू ठरव. पाठवायचं ते पाठव. तुझी लेक, तुझा बाप.

मंगळवारी नात शाळेत काहीतरी घेऊन गेली. काय, ते मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं. आणि मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. "आई, औषध घेतलंस?" "आई, हीटर कमी करू?" एवढंच. मार्चमध्ये टीव्हीवर युद्ध सुरू झालं. दिवसभर ती हिरवी-काळी चित्रं, रात्रीच्या आकाशात फुटणारं काहीतरी. पुस्तकातलं महासत्तेचं प्रकरण जणू टीव्हीत आलं होतं. मी मुलाला म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून, "दुसऱ्याचं घर नीट करायला निघालेत. स्वतःचं झालं वाटतं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुणाला म्हणतेस, आई?" मी म्हटलं, "बुशला." आणि उठून भांडी घासायला गेले. मला स्वतःलाच खात्री नव्हती मी कुणाला म्हणाले.

तुम्ही विचाराल, मग सुटली का त्याची? सांगते. नाही सुटली. पुढे त्याला नोकरी लागली, आम्ही बेलव्ह्यूला गेलो, तिथल्या पावसात माझे गुडघे गेले, नात कॉलेजला गेली. तो अजून घेतो. पण गॅरेजमध्ये नाही. दोन हजार आठ साली मी गावी परत निघाले तेव्हा बाटली किचनच्या कपाटात असायची, चहाच्या डब्याशेजारी, सगळ्यांसमोर. शुक्रवारी एक ग्लास. मला आवडतं असं नाही. पण लपवलेलं नाही, एवढंच. अमेरिकेच्या त्या पुस्तकातसुद्धा पुढे हेच होतं. बायकांनी एवढं करून दारूबंदी आणली, आणि तेरा वर्षांत ती उठली. ते वाचून नातीला फार वाईट वाटलं होतं. मला नाही. तेरा वर्षं म्हणजे पुष्कळ.

पण ते कागद परत आले त्या दिवसाचं राहिलंच.

एप्रिलचा मध्य असेल. नात दार उघडून आत आली ती हातात कागद फडकवत. मी कणीक मळत होते, मुलगा फ्रिज उघडून उभा होता. "आजी, आय गॉट इट बॅक!" हाताला पीठ होतं म्हणून मी म्हटलं, "धर माझ्यासमोर." तिने धरलं. मी शेवटचं पान आधी शोधलं.

नवीन छापलेलं होतं. पेन्सिल नव्हती, रेघ नव्हती. माझे चार शब्द, काळ्याभोर छापील अक्षरांत. एकही बदललेला नव्हता. मी मुलाकडे बघितलं नाही. कणकेतच बघत राहिले, कारण डोळ्यांसमोरचं सगळं पाण्यात गेलं होतं.

"आणि सी, मिसने इथे लिहिलंय," नात म्हणाली. तिच्या बाईंनी हिरव्या शाईने आधीच्या पानावर एका शब्दाभोवती गोल केला होता. "शी इज आस्किंग, ओन्ली फोर मंथ्स?"

"चार कुठले," मी म्हटलं, "तीनच. तुझ्या बाबाने चूक केली लिहिताना."

फ्रिजचं दार बंद झालं.

"चूक नाही ती," मुलगा म्हणाला. कितीतरी आठवड्यांनी त्याचा तो आवाज ऐकला मी, आतून आलेला. "चारच. दिवाळी ते शिमगा. मोज ना, आई."

"तुला काय आठवतंय? अकरा वर्षांचा होतास."

"आठवतंय. बाबा पाळी सुटली की थेट घरी यायचे. मला सायकलवर पुढे घेऊन कॅनॉलवर न्यायचे. पोहायला शिकवलं मला. माघात, कुडकुडत. पोटाखाली हात धरायचे. शिमग्याच्या दिवशी आले नाहीत, तेव्हा मला कळलं दुकान उघडलं." मग लेकीला म्हणाला, इंग्रजीत नाही, मराठीत, "तुझे आजोबा फार छान पोहायचे."

"रिअली?" ती म्हणाली.

"हो. पाठीवर, डोळे मिटून."

आता मी तीन का म्हटलं होतं, ते सांगते. चौथ्या महिन्यात हे पुन्हा प्यायला लागले होते. कारखान्याच्या मागे, कुणी आणून द्यायचं तेवढी, थोडी. पान खाऊन यायचे, लेकराला वास लागू नये म्हणून. मला लागायचा. मग त्याला सायकलवर बसवायचे आणि कॅनॉलवर न्यायचे, आणि मी ते परत येईपर्यंत दारात उभी राहायची, जीव मुठीत धरून, की पाण्यात पोराचा हात सुटला तर. नाही सुटला.

एवढे दिवस खरं बोलायचं म्हणून जीव टाकलेली मी, तिथे कणकेत हात घालून उभी. नात माझ्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय. हिरव्या शाईचा गोल समोर.

"हो रे," मी म्हटलं. "चारच होते. माझीच चूक."

तो कागद त्याने फ्रिजवर चुंबकाने लावला. मी कणकेला तेलाचा हात लावला आणि झाकून ठेवली.